पाऊण तास मागे

आईच्या फोनमधलं घड्याळ पाऊण तास मागे आहे हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा खरं सांगते, मला आनंद झाला. कारण तो फोन माझ्या धाकट्या भावाने पाठवला होता.

आता तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, सख्ख्या भावाच्या फोनचं वाईट चिंतते. चिंतते. लपवून काय करू? फोन आला त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत दुसरा विषयच उरला नव्हता. दूधवाला दारात आला की, "हा बघा, माझ्या सोन्याने पाठवला." समोरची म्हातारी साखर मागायला आली की, "सोन्याने पाठवला." एकदा राँग नंबर लागला, तर आईने त्या अनोळखी माणसालाही सांगितलं, की तुम्ही ज्या फोनवर बोलताय ना, तो माझ्या मुलाने पाठवलाय. आणि आईच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा थेंब कोण घालतं? मी. तिची नखं कोण कापतं, चष्मा हरवला की पलंगाखाली कोण शिरतं? मीच. पण माझं नाव काही कधी दूधवाल्यापर्यंत पोचलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

भाऊ राहतो आठ तासांच्या प्रवासावर, मोठ्या शहरात. घरात लिफ्ट आहे म्हणे. म्हणजे घरात नाही, इमारतीत, पण आई सांगते ती "घरात लिफ्ट आहे" असंच. रोज आठाच्या ठोक्याला तो व्हिडिओ कॉल करतो. दहा मिनिटं तोंड दाखवतो आणि दिवसाचे बाकीचे सगळे तास आई त्या दहा मिनिटांवर काढते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगीच नाही.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. बत्तीस वर्षं ती आमच्या इथल्या शाळेत शिपाई होती. वर्ग झाडायचे, पाण्याच्या टाक्या भरायच्या, नोटिसा फिरवायच्या. पण तिचं खरं काम घंटेचं. व्हरांड्याच्या टोकाला पितळी घंटा टांगलेली होती, तिला जाड दोरी होती, आणि वर ऑफिसच्या भिंतीवर मोठं घड्याळ. तिथून थेट बेकरीच्या कोपऱ्यापर्यंतचा उताराचा रस्ता दिसायचा. घंटेची वेळ झाली की आई दोरी हातात धरायची आणि नजर त्या कोपऱ्यावर ठेवायची. कोणी पोर दप्तर सांभाळत धापा टाकत येताना दिसलं, की तिचा हात थांबायचा. आतून हेडमास्तर ओरडायचे, "बाई, वेळ झाली!" तर ही म्हणायची, "देते, देते, दोरी अडकलीये." दोरी बत्तीस वर्षं अडकत होती. पावसापाण्यात पोरांना उशीर होणारच असं दिसलं, तर सकाळी झाडतानाच ही बया स्टुलावर चढून घड्याळाचा मोठा काटा बोटाने दोन-तीन मिनिटं मागे ढकलून ठेवायची. हेडमास्तरांना कळलं नसेल असं नाही. पण शाळेच्या घड्याळात वाजले तेच वाजले, असा नियमच होता. आजही रस्त्यात पोट सुटलेले, केस पिकलेले बाप्ये थांबतात आणि म्हणतात, "बाई, तुम्ही होता म्हणून वाचलो."

मी नाही वाचले.

पाचवीत होते. बुटाचा पट्टा तुटला, म्हणून बूट हातात घेऊन मी बेकरीच्या कोपऱ्यावरून पळत येत होते. आई दोरी धरून उभी होती. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. मी तर पळायचं जरा कमीच केलं, कारण घंटा आपल्याच आईच्या हातात, आपल्याला काय भीती! आणि तिने घंटा दिली. अशी दणकून दिली की बेकरीवाला बाहेर आला. त्या दिवशी सगळ्या शाळेसमोर मी एका पायात बूट घालून फाटकाबाहेर उभी होते. घरी आल्यावर विचारलं तर कांदा चिरता चिरता म्हणाली, "तुझ्यासाठी थांबवली असती तर लोक म्हणाले असते, शाळेची घंटा काय हिच्या घरची आहे?" झालं. अख्ख्या गावच्या पोरांसाठी थांबणारी घंटा पोटच्या पोरीसाठी थांबली नाही. पुढे पाच वर्षांनी भाऊ त्याच शाळेत गेला. सकाळी गदागदा हलवल्याशिवाय डोळा न उघडणारा हा मुलगा दहा वर्षांत एकदाही फाटकाबाहेर उभा राहिला नाही. तुम्हीच काय ते समजा.

तर, मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करते. कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, डाग बघायचा, वाफेच्या इस्त्रीवर कोट उभा करायचा. सकाळी निघताना आईला सांगते, "सहाला येते." आणि रोज उशीर होतो. आईला म्हणते, काम होतं. काम कसलं? बसस्टॉपच्या बाकावर बसून पहिली बस डोळ्यांसमोरून जाऊ देते आणि दुसरीने जाते. घरी गेलं की सोन्यापुराण सुरू होणार, ते जितकं उशिरा सुरू होईल तितकं बरं. कुणाला सांगितलं नव्हतं हे कधी.

बुधवारी दुपारी दुकानात भावाचा फोन आला. मला! मला तो वर्षातून दोनदा करतो.

"ताई, आईकडे लक्ष आहे का तुझं?"

असं वाटलं, इस्त्रीच ठेवावी फोनवर. म्हटलं, "का रे बाबा?"

"काल आठला कॉल केला तर म्हणते, आज लवकर केलास, माझ्यात सव्वासातच झालेत. परवाही तेच. सकाळी नऊच्या गोळीचा अलार्म लावून दिलाय, तर ही सांगते, आईशी फोनवर बोलत होते तेव्हा तो पावणेदहाला वाजला." 'ही' म्हणजे आमची भावजय. "ताई, आईला वेळ कळेनाशी झालीये. आम्ही इथे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सुरुवात अशीच होते. मी रविवारी येतो आणि तिला घेऊन जातो."

"काही नको. फोन खराब आहे तुझा."

"नवा आहे, ताई."

"नवं काय खराब नसतं? इथे माणसं नवे कोट घेऊन येतात, अस्तर फाटलेलं असतं."

तो मोठ्या समजूतदार आवाजात म्हणाला, "बरं. फोन खराब निघाला तर मी बदलून देईन. नाही निघाला, तर मात्र आई माझ्याकडे येईल." हो म्हणाले. म्हणणार नाही तर काय? आई गेली तर मी त्या दोन खोल्यांत कुणावर चिडू?

संध्याकाळी घरी आल्या आल्या फोन हातात घेतला. आमच्या धंद्यात एक रीत आहे, डाग काढायच्या आधी तो कशाचा आहे ते बघायचं, नाहीतर कापड जातं. मी सेटिंग उघडलं. तारीख आणि वेळ. तिथे 'आपोआप वेळ' असं एक बटण असतं. ते बंद होतं. चालू केलं आणि घड्याळ टुणकन पाऊण तास पुढे आलं. मनात म्हटलं, एवढंच ना! आईला बजावलं, "ह्या बटणाला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "मी कशाला लावू? सोन्याने लावून दिलंय सगळं."

गुरुवारी संध्याकाळी पाहते, तर घड्याळ परत पाऊण तास मागे. बटण बंद.

मग मी हट्टालाच पेटले. फोन कुठल्या देशाची वेळ दाखवतोय ते बघितलं, बरोबर होतं. बंद करून चालू केला. सिम काढलं, दुकानातून आणलेल्या मऊ फडक्याने पुसलं, परत घातलं. नवीन काहीतरी डाउनलोड करा म्हणून तो सारखा मागे लागला होता, तेही करून टाकलं. दुकानातली मदतनीस म्हणाली, बॅटरी पूर्ण उतरवून परत चढवा, तीही चढवली. प्रत्येक वेळी वेळ बरोबर यायची. आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर परत पाऊण तास मागे! मला हसू फुटलं. वाटलं, घे बाबा तुझा महागडा फोन. भोपळा निघाला.

शनिवारी सकाळी तो मी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे दिला. आमच्या दुकानाशेजारीच त्याची टपरीएवढी जागा आहे, डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. म्हटलं, "खराब आहे एवढं कागदावर लिहून द्या." तो हसला. दुपारी तीनला बोलावलं त्याने.

"बाई, फोन ठणठणीत आहे. सकाळपासून समोर ठेवलाय, सेकंदाने हलला नाही."

"अहो, पण रोज मागे पडतो!"

"पडत नाही. कोणीतरी पाडतंय. हे बटण स्वतःहून बंद होत नसतं. आणि फोन चुकला तर कसाही चुकेल, एक दिवस दोन मिनिटं, एक दिवस दोन तास. रोज मोजून पंचेचाळीस मिनिटं? ही चूक माणसाची." भिंग वर करून त्याने विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई."

फोन पुसून माझ्या हातात देत तो म्हणाला, "आमच्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं." माझ्याकडून त्याने काही घेतलं नाही.

दुकानात सांगितलं, डोकं दुखतंय, आणि चारला घरी आले. आईने दचकून विचारलं, "आज एवढ्या लवकर? बरं नाही का तुला?" म्हटलं, फोन द्यायला आलेय, परत जाते, सहाला येते. दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बोळात खिडकीपाशी उभी राहिले. खिडकीला अर्धा पडदा आहे, मीच शिवलेला, वरच्या बाजूने आतलं सगळं दिसतं. स्वतःच्या घरात चोरासारखं डोकावायची वेळ आली होती.

आईने फोन मांडीवर घेतला. चष्मा लावला. अंगठ्याने सेटिंग उघडलं, खाली सरकवलं, तारीख आणि वेळ, बटण बंद, आणि मग आकडे एकेक करून मागे. एकदाही बोट चुकलं नाही. जिला व्हिडिओ कॉल उचलताना अजून तीनदा "हॅलो, कुठे दाबू?" करावं लागतं, ती बाई! काम झाल्यावर फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि समोर बसली.

एका क्षणात माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे तेव्हा मला तो उजेड वाटला. मी दार ढकलून आत घुसले.

"मुद्दाम करतेस! वेडं ठरायचंय ना तुला? म्हणजे तो येईल आणि लिफ्टमधून वर घेऊन जाईल! सरळ सांग ना, आई, माझ्याकडे नाही राहायचं म्हणून. हे सोंग कशाला?"

"काय बोलतेस तू? शुद्धीत आहेस का?"

"मग घड्याळ कुणासाठी मागे करतेस? सोन्यासाठीच ना!"

"सोन्याचा काय संबंध?" आईही चिडली. चिडली की ती हेडमास्तरांवरही आवाज चढवायची. "तो आठला म्हणतो आणि आठला करतो. त्याच्यासाठी कशाला मागे करू? उशीर तू करतेस! सहाला येते म्हणून जातेस आणि पावणेसातला येतेस. रोज. पावणेसात म्हणजे पावणेसात."

मी मागचं उघडं दार लोटून घेतलं.

"तो पाऊण तास जात नाही गं मला," ती म्हणाली. "बोळात कुणाचाही पाय वाजला की उठते. जीव खालीवर होतो. मग राग येतो. मग तू आलीस की तोंडातून काहीतरी वाकडं निघतं, आणि ते निघू नये म्हणून मी दुसरंच काहीतरी बोलत सुटते. सोन्याचंच बोलत बसते. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल तू दोन महिने आणतेयस, ते एक बरंच झालं. हा फोन आला तेव्हा सोन्या म्हणाला, आई, हे बटण बंद करू नकोस, नाहीतर वेळ हाताने लावावी लागेल. तेव्हा मला कळलं, की ह्याच्यातही हाताने लावता येते." तिने टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. "आता तू येतेस तेव्हा ह्याच्यात सहा वाजलेले असतात. उशीर झालाच नाही. मला रागवायचं कारण नाही."

"पण खरी वेळ तुला कळते ना, आई?"

"न कळायला काय झालं? बत्तीस वर्षं घंटा दिलीये."

मला पाचवीतला बूट आठवला. तो काय मी कधी विसरले होते! म्हटलं, "शाळेत नाही थांबवलीस कधी."

तिने चष्मा काढून काडी पुसली. मग म्हणाली, "तेव्हा सगळी शाळा बघत होती. आता कोण बघतंय?"

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते. पहिल्या बसचं मी तिला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

रविवारी भाऊ आला. हातात आईसाठी नवी बॅग, चेहऱ्यावर समजूतदारपणा. बसल्या बसल्या त्याने टेबलावरचा फोन उचलून पाहिला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. मग लहान पोराला विचारतात तसं विचारलं, "आई, सांग बरं, आता किती वाजले?"

आईने फोनकडे बघितलं नाही. खिडकीकडेही नाही. म्हणाली, "अकरा वीस. तुझ्या गाडीला उशीर झाला की वाटेत खात बसलास?"

भावाने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. अकरा वीस.

"आणि गोळी?"

"नऊला घेते, रोज. तो अलार्म मागाहून बोंबलतो." तिने गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढे टाकलं. एकही चुकली नव्हती, एकही जास्त नव्हती.

"अगं, मग फोनमधली वेळ मागे कशी?"

"मीच केलीये."

"पण का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आपली उगीच टेबल पुसत होते. वाटलं, आता सांगणार, आणि सांगितलं की तेही सोन्याचंच होऊन जाणार.

"ते माझं आणि हिचं आहे," आई म्हणाली. "तू त्यात पडू नकोस. आणि बॅग घेऊन जा परत. मी येत नाही. संध्याकाळी काम असतं मला."

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. दार लावून आत कोणी गोड खात असावं आणि आपण बाहेर राहिलेलो, तसा. तो चेहरा मी ओळखते. कितीतरी वर्षं आरशात पाहिलाय. मला त्याची दया यायला हवी होती. आली, पण दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी त्याला दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा साखर जास्त घातली, इतकी मी खूश होते.

सोमवारपासून मी पहिली बस पकडते. सहाला पाच कमी असताना दारात असते. भिंतीवरच्या घड्याळाला सेल घातले, तेही बरोबर चालतंय. फोन मात्र अजून पाऊण तास मागेच आहे. परवा म्हटलं, "आई, आता मी वेळेवर येते. लाव की ते बटण."

आई म्हणाली, "राहू दे. तुझा काही भरवसा नाही."